तायडेबाबूंची सही, माझी फेरिस्त

तायडेबाबू गेल्याची बातमी मला कचेरीतच कळली. दुपारचे बारा वाजून गेले होते, मी एक लांबलचक परिपत्रक टाइप करत होते, आणि दफ्तरी रहीमभाई टेबलाजवळ येऊन नुसते उभे राहिले. रहीमभाई नुसते उभे राहणाऱ्यांतले नव्हेत. ते दारातूनच बोलत येतात. मी मान वर केली तेव्हा म्हणाले, "बाई, तायडेबाबू गेले. सकाळीच." मी यंत्रावरचे हात काढून मांडीवर ठेवले... आता पुढं जे लिहिते ते वाचून कोणाला मला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवावीत. माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. सुटले, असं वाटलं. आता ती गोष्ट माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असं वाटलं. रडू आलं ते नंतर, आणि तेही अर्धं स्वतःच्याच किळसेनं आलं.

त्याला पाच आठवडे झाले. तायडेबाबूंनी अर्ध्या वऱ्हाडाला जुने कागद शोधून दिले होते, म्हणून या पुरवणीच्या संपादकांनी मला निरोप पाठवला की तुम्ही त्यांच्यासोबत इतकी वर्षं बसलात, चार शब्द लिहून द्या. मी लिहायला बसले. कर्तव्यदक्ष, निगर्वी, मनमिळाऊ, असे शब्द कागदावर उतरले आणि मी तो कागद फाडला. एक तर ते मनमिळाऊ मुळीच नव्हते. आणि दुसरं असं, की ही गोष्ट सोडून मी त्यांच्याबद्दल काहीही लिहिलं तरी ते खोटंच होईल. तेव्हा आधी तेच सांगते. तेल्हाऱ्याकडे नदीच्या काठानं एकतीस घरांची एक वस्ती आहे. त्या घरांखालची जागा त्या लोकांचीच आहे असा एकच हुकूम सरकारदरबारी होता, एका फायलीत. ती फाईल माझ्या एका खोट्या शब्दानं गेली. तायडेबाबूंनी तो दोष स्वतःवर घेतला, आणि येत्या मंगळवारी त्या घरांची शेवटची सुनावणी आहे.

मी मूळची नांदगाव खंडेश्वरची, गावंडे पाटलांची लेक. मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले आणि घरच्यांशी भांडून अकोल्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या कचेरीत बाई म्हणून मी एकटीच होते. खात्याचं नाव लिहीत नाही. गावठाणांच्या आणि घरांच्या जागांचे कागद आमच्याकडे असत, एवढं पुरे. मला बसवायचं कुठं हा साहेबांपुढं मोठाच प्रश्न पडला. शेवटी त्यांनी मला रेकॉर्डच्या खोलीत लोटून दिलं, कारण तिथं कोणी फिरकत नसे. लांबच लांब खोली, छतापर्यंत लाकडी फळ्या, एकच खिडकी, आणि कुठं तरी सतत उधई, म्हणजे वाळवी, लागलेली. दुपारी सगळं शांत झालं की भिंतीतून माती गळल्याचा बारीक आवाज येई. मला त्या खोलीची पहिल्या दिवसापासून भीती वाटायची. तायडेबाबू मात्र तिथं असे वावरत जसे काही स्वतःच्या माजघरातच आहेत. उंच, काळेसावळे, कानाच्या पाळीवर केस, डोळ्यांवर एक काडी दोऱ्यानं बांधलेला चष्मा. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बाई, इथं एकच नियम हाय. पान उलटाले बोटाले थुंकी लावाची नाई. बाकी मंग काय भांडाचं थे भांडू."

आणि आम्ही भांडलो! त्यांच्या अक्षराचा त्यांना भयंकर गर्व होता. रजिस्टर ते स्वतः लिहीत, बोरूनं छापल्यासारखं, आणि त्यात कोणी पेन्सिलीनं एक टिंब दिलं तरी दिवसभर धुमसत. रहीमभाईंनी गाठ जरा वेडीवाकडी मारली की, "रहीमभाई, बकरी बांधून राहिले का तुमी?" म्हणून सोडायला लावत. मी एखादी फाईल उद्या काढते म्हटलं की म्हणत, "फाईल म्हंजे काय तुमचं माहेर हाय का बाई, मन झालं तवा जासाल?" पण दूर खेड्यातला कोणी माणूस आजोबाच्या वेळचा कागद मागायला आला, तर जेवणाचा डबा तसाच ठेवून ते शिडीवर चढत. कागद सापडला की वरूनच ओरडत, "सापडला तुया आजा!" आणि खालचा माणूस हात जोडून उभा राही.

फायली बांधायची त्यांची एक रीत होती, आणि सगळं याच रीतीवरून घडलं म्हणून ती सांगावी लागते. दर बस्त्यात, म्हणजे लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, त्यातल्या फायलींची फेरिस्त ठेवावी लागे. फेरिस्त म्हणजे यादी. इतर कचेऱ्यांत ती रजिस्टर पुढ्यात घेऊन उतरवून काढत. तायडेबाबू तसं करू देत नसत. आधी रहीमभाईंनी फळीवरून फाईल काढायची, तायडेबाबूंनी ती उघडून गावाचं नाव मोठ्यानं वाचायचं, मग मी टाइप करायचं, आणि टाइप झाल्यावरच ती फाईल बस्त्यात जायची. एका बस्त्याला तास लागे. माझी पाठ मोडायची. मी चिडून म्हणायचे, "बाबूजी, रजिस्टर तुमच्याच हातचं आहे ना? त्यावरून उतरवलं तर काय बिघडलं?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "रजिस्टरात काय असाले पायजे थे असते. फळीवर काय हाय थे असते. बांधाले कोनाले बी येते बाई, सोडल्यावर सापडलं पायजे."

त्या वर्षी आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात जाणार हे ठरलं, आणि त्या धामधुमीत आमची अकोल्याची शाखा बंद करून सगळं रेकॉर्ड अमरावतीला न्यायचा हुकूम आला. चार हजारांवर फायली. पावसाळा संपताना आम्ही बांधायला सुरुवात केली. कोणत्या तालुक्याचा बस्ता आधी, कोणता नंतर, ट्रकमध्ये खाली काय आणि वर काय, हे सगळं तायडेबाबूंनी एका मोठ्या कागदावर आखलं होतं. दर फेरिस्तीच्या तीन प्रती. एक बस्त्यात, एक मोठ्या यादीला जोडून, एक ट्रकसोबत. अमरावतीला जो माणूस बस्ता सोडील त्याला कोणाला काही विचारावं लागता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं. काम चोख होतं, पण हळू होतं, आणि साहेबांचा जीव वरखाली होत होता.

एक अडचण होती ती तायडेबाबूंनी मला स्वतः सांगितली होती. जुनं रजिस्टर भरलं होतं आणि नवीन रजिस्टर नागपूरच्या छापखान्यातून आलंच नव्हतं. त्यामुळं पावसाळ्यापासून ज्या नव्या फायली उघडल्या त्यांची कुठंच नोंद नव्हती, त्यांना नंबरही पडला नव्हता. त्या सगळ्या त्यांनी खिडकीखालच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवल्या होत्या. "थे फळी रजिस्टरात नाई, बाई. थे पाहूनच लिवा लागन, ध्यानात ठेवा." मी ध्यानात ठेवलं होतं. विसरले असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

मग दसरा आला. तायडेबाबूंनी जन्मात कधी मागितली नव्हती ती रजा मागितली, चार दिवसांची. ते घरादारासह नागपूरला निघाले होते, दीक्षेला. सगळ्या वऱ्हाडातून माणसं निघाली होती, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांनी तोंड वाकडं करून रजा दिली, आणि ते जाताच मला बोलावून म्हणाले, "ट्रक मंगळवारी येणार आहेत. तायडे परत येतील तेव्हा फेरिस्त पूर्ण पाहिजे." निम्मे बस्ते बाकी होते. फळीवरून एकेक वाचत गेलं असतं तर महिना लागला असता. मी खोलीत येऊन बसले. समोर रजिस्टर उघडं होतं, तेच सुंदर अक्षर, ओळीत एकसारखी नावं... मी रजिस्टरवरून उतरवायला सुरुवात केली. दोन दिवसांत सगळं झालं. रहीमभाई माझी फेरिस्त हातात घेऊन नंबराबरहुकूम फायली काढत गेले आणि बांधत गेले. त्यांना अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते, आणि रजिस्टरातल्या सगळ्या फायलींना आकडे होते. सगळं इतकं सुरळीत झालं की मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. महिनाभराचं काम! बाबूजी उगाच अवडंबर करतात, असंही वाटलं.

खालची फळी राहिली होती. सोमवारी दुपारी मी तिथं बसले आणि पहिलीच फाईल ओढली तर तिच्यामागून विंचू निघाला. रहीमभाईंनी तो चपलेनं मारला. मी अंग चोरून उठले आणि म्हटलं, उद्या करू, उजेडात. मंगळवारी सकाळी दहाला यायचे ते ट्रक साडेसातलाच दारात लागले.

मी पोचले तेव्हा हमाल बस्ते चढवत होते, साहेब घड्याळ बघत होते. रहीमभाईंनी खालच्या फळीवरचे बिननंबरी कागद रद्दी समजून कोपऱ्यात लोटले होते आणि त्यावर रिकामी पोती टाकली होती, हमालांच्या पायात येऊ नयेत म्हणून. मला ते दिसलं. बोलायची हीच वेळ होती. पण बोलले असते तर चार दिवसांत मी काय केलं हे सगळंच बाहेर आलं असतं... एवढ्यात तायडेबाबू आले, स्टेशनवरून सरळ. अंगावर पांढरा सदरा, पांढरं धोतर, प्रवासानं मळलेलं. मी त्यांना तेरा वर्षांत तसं कधी पाहिलं नाही, ना त्याआधी ना त्यानंतर. चेहरा असा मोकळा होता की साहेबसुद्धा घड्याळ बघायचे थांबले. मला म्हणाले, "बाई, घेतली." एवढंच म्हणाले. मग ट्रककडं पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

साहेबांनी प्रमाणपत्राचा कागद पुढं केला. 'सदर खोलीतील सर्व अभिलेख फेरिस्तीप्रमाणे बांधले असून खोलीत एकही कागद शिल्लक नाही.' तायडेबाबू माझ्याकडं वळले.

"पाहून लिवलं ना, बाई?"

"हो."

"खालच्या फळीचं बी?"

"हो, बाबूजी."

त्यांनी ट्रकच्या फळीवर कागद ठेवून सही केली. जाऊन पाहिलं नाही. दुसऱ्या कोणाच्या शब्दावर त्यांनी सही केल्याचं मला तरी आठवत नाही. त्या दिवशी त्यांना सगळं जग चांगलं दिसत असावं. मी तेव्हा मनाशी म्हटलं की संध्याकाळी येऊन ते कागद गुपचूप उचलून नेऊ, अमरावतीत बस्त्यात घालू. संध्याकाळी खोलीला साहेबांचं कुलूप होतं. आठवड्यात साहेबांची बदली झाली. मग मी स्वतःची समजूत घातली, की पाचपन्नास फायली त्या, कोणाला लागणार आहेत...

अमरावतीला आम्ही दोघंही आलो. नवी खोली हवेशीर होती, उधई नव्हती. बस्ते फळ्यांवर लागले, फेरिस्ती जुळल्या, वरून शाबासकीचं पत्र आलं. तायडेबाबूंनी ते पत्र मलाच दिलं, म्हणाले, "हे तुमचं हाय." मी ते घरी नेऊन पेटीच्या तळाशी टाकलं. त्यानंतरची वर्षं कशी गेली ते मलाच माहीत. कोणाला फाईल लागली की मागणीची चिठ्ठी येई. तायडेबाबू चिठ्ठी वाचून फळीकडं जात. मी टाइप करत असल्याचं सोंग करून कान तिकडं लावून बसे. बस्त्याची गाठ सुटल्याचा आवाज, मग पानांचा आवाज, मग "सापडली" हा शब्द. तो ऐकला की मी खरंच टाइप करायला लागे. कधी दिवसाला चार चिठ्ठ्या येत, कधी आठवडाभर एकही नाही. एकही आली नाही तो आठवडा जास्तच वाईट जाई. सणावाराला नांदगावला गेले तरी मन तिथं नसे. आई म्हणायची, हिला शहराची हवा बाधली.

ती चिठ्ठी सात वर्षांनी आली. नदीच्या पुरात जुनी वस्ती वाहून गेली म्हणून त्या एकतीस घरांना उंचावरची जागा कायमची दिल्याचा हुकूम आम्ही अकोल्याला बस्ते बांधले त्याच पावसाळ्यात निघाला होता. आता लगतच्या एका मोठ्या शेतमालकानं दावा लावला होता की ही जमीन माझी, हे लोक अतिक्रमण करून बसले, यांना उठवा. वस्तीवाल्यांजवळ असलेली हुकमाची प्रत उंचावर घरं बांधण्याआधीच आलेल्या दुसऱ्या पुरात गेली होती. त्यांची सगळी भिस्त आमच्या रेकॉर्डवर होती. तायडेबाबूंनी चिठ्ठी वाचली आणि हसून म्हणाले, "हे तं म्या माह्या हातानं शिवली होती." ते फळीकडं गेले. मी गाठ सुटल्याचा आवाज ऐकला. मग पानांचा आवाज ऐकला. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा एक गाठ, पुन्हा पानं... त्या दिवशी त्यांनी तेल्हाऱ्याचे सगळे बस्ते सोडले. दर बस्त्यातल्या फायली फेरिस्तीशी तंतोतंत जुळत होत्या. संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले, चष्मा काढून पुसला, आणि माझ्याकडं पाहिलं. मी टाइप करत राहिले. मला वाटतं त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. त्यांनी विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर मी पुन्हा खोटं बोलले असते, हेही त्यांना कळलं असेल.

रविवारी ते अकोल्याला जाऊन आले. जुनी इमारत रिकामीच होती. तिथला म्हातारा चौकीदार त्यांना म्हणाला, "कागद ना? लय होते. दोन हिवाळे पानी तापवलं थ्याच्यावर." हे मला रहीमभाईंनी सांगितलं. ते ऐकल्यावर मी चार दिवस आजारपणाची रजा टाकली. थंडीच्या दिवसांत कुठं चुलवणाचा धूर दिसला की मी अजूनही तोंड फिरवते.

सुनावणीत शेतमालकाच्या वकिलांनी एकच कागद पुढं केला, तायडेबाबूंच्या सहीचा. खोलीत एकही कागद शिल्लक नाही असं रेकॉर्ड कीपर लिहून देतो. फेरिस्तीत ही फाईल नाही. म्हणजे अशी फाईल कधी नव्हतीच. मग तायडेबाबू स्वतः होऊन जबानी द्यायला उभे राहिले. जबानी टाइप करायला कचेरीनं मला बसवलं होतं. दुसरं कोणी रिकामं नव्हतं... मी सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या डाव्या हाताला, यंत्रावर हात ठेवून, आणि बाबूजी माझ्यापासून चार हातांवर. ते म्हणाले, फाईल होती, मी ती शिवली होती, हुकूम मी वाचला होता, आणि सही मी न पाहता केली. ती चूक माझी आहे. वकील उठले. साठीचे गृहस्थ, आवाज अगदी गोड.

"तायडे, सही केली त्याच्या आधीचे चार दिवस आपण नागपूरला होतात. खरं का?"

"हो."

"ही वस्तीवाली मंडळीही तेव्हा तिथंच होती, दीक्षा घ्यायला. म्हणजे आपण आणि ते एकच. आपल्या माणसांसाठी आज सहीच खोटी म्हणता?"

कोणीतरी मागं हसलं. तायडेबाबू म्हणाले, "साहेब, नागपूरले होतो म्हणूनच तं सांगून राहिलो. खोलीत मी नव्हतो."

"मग खोलीत कोण होतं?"

मी टाइप करायची थांबले. यंत्राचा आवाज बंद झाला तसं सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. तायडेबाबूंनी नाही पाहिलं. ते समोर बघत म्हणाले, "सही माही हाय साहेब. खोलीत कोण होतं, थ्याचं काय करता?"

आणि मी ते टाइप केलं. शब्दन् शब्द केलं, चूक न करता. उलटतपासणी अर्धी राहिली आणि पुढची तारीख पडली. पण इकडं खात्यानं, खोटं प्रमाणपत्र दिल्याचं स्वतःच कबूल केलं म्हणून, तायडेबाबूंना सस्पेंड केलं. ज्या माणसानं तीस वर्षांत एक पान मुडपू दिलं नाही त्याला चपराशानं दाराबाहेर उभं राहून सांगितलं की आत जायची परवानगी नाही.

मी त्यांना भेटायला गेले ते फार उशिरा, दोन महिन्यांनी. छातीचं दुखणं लागलं होतं, भिंतीला टेकून बसले होते. खूप वाळले होते. त्यांची बायको धुरपताबाई चहा टाकायला आत गेली. मी घरून निघताना ठरवून आले होते की आज सांगायचं. तोंड उघडलं तर त्यांनीच हात वर केला. "बाई, तवा निम्मं काम तुमच्यावर टाकून गेलो मी. एकट्या पडल्या होत्या तुमी. चूक माहीच हाय, तुमी मनाले लावून घेऊ नका." मला दार उघडून दिलं होतं त्यांनी, आणि मी त्या दारातून निघून आले. चहा प्यायले, तब्येतीला जपा म्हटलं, आणि घरी आले. ही आमची शेवटची भेट. त्या माणसाची माफी मागायची राहिली असं मी म्हणणार नाही. राहिली नाही, मी ती मागितली नाही.

ते गेल्यानंतर वकिलांनी अर्ज दिला की साक्षीदाराची उलटतपासणी पूर्ण झाली नाही, तेव्हा त्याची जबानी विचारात घेऊ नये. अर्ज मंजूर होईल असं सगळे म्हणतात. मग उरतं काय? ते प्रमाणपत्र आणि ती फेरिस्त. वस्तीतली चंद्रभागाबाई म्हणून एक म्हातारी दर तारखेला येते, तेल्हाऱ्याहून पहाटेची मोटार पकडून. तिला वाचता येत नाही, म्हणून तारखेचा कागद ती नेहमी माझ्याकडंच आणते. कचेरीत बाई मी एकटीच ना. परवाही आली. "माय, कोन्ती तारीख देल्ली?" मी सांगितलं, मंगळवार, अकरा वाजता, शेवटची. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "तायडेबाबू होते तवर धीर होता व माय. आता आमच्याकडून कोन बोलन?" मग तिनं फडक्यातली भाकर सोडली आणि अर्धी माझ्यापुढं केली. मी खाल्ली.

मोठ्या भावाला मी सगळं लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं: "कायले पडतं त्या लफड्यात? मेलेला माणूस काई परत येत नाई, आन् तुई नौकरी जाईन. शिवाय थो शेतमालक आपल्या नात्यातला निघते, थोडं समजून घे." समजून घेतलं. नात्यातला निघतो म्हणूनच तर मला बोलायला हवं. बाबूजी बोलले तर त्यांना म्हणाले, आपल्या माणसांसाठी बोलतो. मला ते तसं म्हणू शकणार नाहीत. गावंडे पाटलाची लेक त्या वस्तीची कोणी लागत नाही, आणि ज्याच्याविरुद्ध बोलणार त्याच्याच गोतातली आहे. एवढी एक गोष्ट माझ्या हातात आहे, आणि चिठ्ठी आल्यापासून तेरा महिने मी ती मुठीत दाबून बसले, तोवर तो माणूस मेला.

मी धीट नाही. मंगळवारी सकाळी पाय उचलेल का, याची मला खात्री नाही. सात वर्षं आणि वर हे तेरा महिने ज्या बाईनं रोज उद्यावर टाकलं, तिच्यावर मी तरी कशी विसंबू? म्हणून मी हे आधी छापायला देते आहे. रविवारी हा कागद वऱ्हाडभर घरोघरी पडलेला असेल. वकील वाचतील, माझे साहेब वाचतील, दादा वाचेल आणि दिवसभर जेवणार नाही. सोमवारी ज्यांना माझी समजूत घालायची असेल त्यांनी घालावी. पण छापून झालेलं मला मागं घेता येणार नाही, आणि मला तेच पाहिजे आहे.

संपादक महाशय, तायडेबाबूंवरचे चार शब्द मागितलेत, ते हे. वकीलसाहेबांचा जो प्रश्न त्या दिवशी बिनउत्तराचा राहिला, त्याचं उत्तर कागदावर आधीपासूनच होतं, कोणी पाहिलं नाही. टाइप करणाऱ्यानं पानाच्या खाली डाव्या कोपऱ्यात आपली आद्याक्षरं घालायची असतात. त्या फेरिस्तीच्या प्रत्येक पानाखाली 'सु. गा.' असं आहे. सुशीला गावंडे. खोलीत मी होते.